तळ्याकाठची ओळ कुणाची?

मेहरूण, जळगाव. मंगळवार, दिवेलागण.

अंधांना मराठी वाचून दाखवणारं एक खुलं सॉफ्टवेअर आहे, कुणीही वापरावं, सुधारावं असं. त्याच्या वाचनाच्या सरावासाठी मी चाळीस वाक्यं लिहिली. सूनबाई मेघना म्हणाली, “नाना, हे माझं स्वतःचं आहे, असं खाली नावानिशी लिहून द्यावं लागतं. त्याशिवाय ते घेत नाहीत.”

शेवटचं वाक्य माझ्या कवितेतलं. ‘तळ्याकाठी उभी सावली, पाण्यामध्ये कोण गं?’ माझीच ना ती? लग्न ठरलं तेव्हा हिला पत्रातून पाठवलेली. पण आज ती ओळ मनात म्हणून पाहिली, तर माझा आवाज येईना. माझ्या लहानपणच्या धुळ्याच्या शाळेतला चौथीचा अख्खा वर्ग एका चालीत म्हणत होता. पुस्तकातली तर नसेल?

मी म्हटलं, “शेवटचं राहू दे.”

स्वयंपाकघरातून ही कडाडली, “का बरं? ती त्यास्नी मनासाठे लिखेल शे! संगणक कसा म्हनस, ते मी ऐकसू.”

मेघना हसली. “आईंसाठी लिहिलेली ना? मग टाका ना नाव, नाना.”

टाकलं तर कदाचित खोटं. नाही टाकलं, तर इतक्या वर्षांनी हिला काय सांगू?

मग हिने ती ओळ मला म्हणायला लावली. म्हटली. चाल वर्गाचीच आली. ही डोळे मिटून, माझी म्हणून ऐकत होती.

नावाची जागा अजून कोरी आहे.