रेशीम गिरणीच्या बागेतला पाट

प्रिय बुरुल,

शाल मिळाली. तुमच्या गोदामात काम करणारी ती नारिनकडची मुलगी स्वतः घेऊन आली. चहाला थांब म्हटलं तर थांबली नाही. दारातूनच म्हणाली, "बुरुलने बजावलंय, एजेच्याच हातात द्यायची, शेजाऱ्यांकडे ठेवायची नाही." अजून मला एजेच, थोरली बहीणच, म्हणतेस तू. शाल सुरेख आहे. मी अजून अंगावर घेतलेली नाही. तुला पत्र लिहायचं म्हणून हा तिसरा रविवार बसते आहे. फोनवर तू हसतेस, मग मीही हसते, आणि बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून आज कागदच घेतला.

तुझी आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण ते ती मलाच सांगते, तुला सांगणार नाही. जवाच्या आंबट मक्सिमचं तिचं पिंप आता बागेच्या फाटकाशी नसतं, बसथांब्याजवळ नेलंय. फाटकावर सावली राहिली नाही ना. उन्हाळ्यात छत्री बांधून बसायची, वारा आला की एका हाताने छत्री धरायची आणि दुसऱ्या हाताने पेले भरायची. तुझी बेगिमाय शाळेतून येऊन तिथेच अभ्यास करते. दुसरीत गेली पण वाचते चौथीतल्या पोरीसारखं, गिऱ्हाइकांना धडे मोठ्याने वाचून दाखवते. परवा एका ड्रायव्हरला तिने उच्चार चुकला म्हणून झापलं. अगदी तू.

तुझी आई माझ्याकडून पैसे घेत नाही. मी पुढे केले की हात ढकलते. "माझ्या पोरीला तुरुंगापासून वाचवलंस, आणि मी तुझ्याकडून पेल्याचे पैसे घेऊ? लाज आहे मला अजून." असं सगळ्या रांगेसमोर म्हणते. हल्ली मी वळसा घालून मागच्या रस्त्याने कचेरीत जाते. आणि आपले साहेब, तालाय इस्मानोविच, ते मात्र रोज तिथेच थांबतात. त्यांना ती पिंपाच्या तळाचा गाळ ओतून देते. ते बिचारे पितात आणि मला विचारतात, "झूराकान, बुरुलच्या आईचं मक्सिम पूर्वी बरं असायचं, नाही?" मी काय सांगू त्यांना? मी म्हणते, हो, पूर्वी बरं असायचं.

मी थकले आहे, बुरुल. एकतीस वर्षं शहरातल्या बागांच्या खर्चाच्या याद्या करते आहे. कुठल्या बागेत किती बाकं, कुठे दिवे, कुठे झोपाळे, कुठल्या संडासाचं दार. यादी वर जाते ती चार पानांची, खाली येते ती दीड पानाची. दरवर्षी मीच ती चार पानं पुन्हा टाइप करते, दरवर्षी तेच व्हॉलीबॉलचं मैदान तिसऱ्या पानावरून गळतं. तू असताना निदान गळलेल्या ओळींवर भांडायला कोणीतरी होतं. तुला आठवतं, तू कृषितज्ज्ञ म्हणून रुजू झालीस आणि पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आलीस तेव्हा नमस्कारही न करता म्हणाली होतीस, "एजे, या यादीत झाडं कुठे आहेत?" मी म्हटलं होतं, झाडं आहेतच की, त्यांना पैसे कशाला लागतात. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. मला धाकटी बहीण नाही. तुझं ते एजे म्हणणं मला फार आवडायचं.

मागच्या मंगळवारी पुढच्या वर्षाच्या बागांच्या खर्चाची जनसुनावणी झाली, सात नंबरच्या शाळेत. लहान मुलांच्या खुर्च्यांवर सगळे गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. नेहमीचंच सुरू झालं. एकीला पाळण्याचं मोठं चाक पुन्हा फिरायला हवं, एकाला कुत्र्यांसाठी वेगळी जागा हवी, बुद्धिबळवाल्या म्हाताऱ्यांना टेबलांवर छप्पर हवं. मी लिहून घेत होते. तेवढ्यात आपले पांढऱ्या दाढीचे वडीलधारे, ममासाली अक्सकाल, उठले. तुझे पाटकरी. पंच्याऐंशीचे झालेत, काठी घेऊन आले होते. म्हणाले, "छप्पर कसलं मागताय रे? आपल्या बापांनी कारागाचची एकशे चाळीस झाडं लावली होती, तेच छप्पर होतं. आता एकसष्ट उरलीत. मी मोजतो रोज. फरशीखालचा पाट उघडा नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात तीही चुलीत घाला." सभेत कोणीतरी हसलं. ते त्याच्याकडे वळून म्हणाले, "हस बाबा. तुझ्या टकलावर ऊन पडेल तेव्हा ये माझ्याकडे, टोपी देतो."

साहेबांनी त्यांना नीट उत्तर दिलं, उर्मटपणे नाही. ते म्हणाले, "अक्सकाल, चौकशी झालेली आहे. पाणी द्यायचं काम ज्या कृषितज्ज्ञ बाईकडे होतं तिने हयगय केली, म्हणून झाडं गेली. आणि पाटाचं म्हणाल तर आमच्या नकाशावर तिथे पाट नाहीच. जे कागदावर नाही त्याच्यासाठी मी पैसे कसे मागू?" आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "झूराकान, बरोबर ना?" सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. मी मान हलवली. होय म्हणून हलवली. ममासाली अक्सकाल खाली बसले, आणि मग बराच वेळ त्यांची काठी फरशीवर नुसती टकटक करत होती.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी बागेत गेले. चार वर्षांत मी तिथे थांबून कधी पाहिलं नव्हतं. फरशी अजून छान दिसते, हे सांगायला हवं. लाल आणि राखाडी, सरळ रेषेत, माझ्याच आराखड्याबरहुकूम. मधून मधून चौकोनी भोकं आणि त्यांत खुंट. जी झाडं उरलीत त्यांची वरची फांदी न् फांदी कोरडी आहे, फक्त बुंध्यापाशी थोडा हिरवा पाला. एका भोकात कोणीतरी बादलीने पाणी ओतलेलं होतं. नंतर कळलं, बुद्धिबळवाले म्हातारे पाळीपाळीने घरून आणतात, प्रत्येकाने एक झाड वाटून घेतलंय.

आता फेब्रुवारीचं सांगते. चार वर्षांपूर्वीच्या, बागेत फरशी घालायचं ठरलं तेव्हाच्या. पाहणी नेहमी फेब्रुवारीतच होते, कारण मार्चपर्यंत प्रस्ताव गेला नाही तर त्या वर्षी काम नाही. फेब्रुवारीत आपल्या शहरातला कुठला पाट वाहतो? पाटात बर्फ, कुजलेला पाला, बाटल्या. बाहेरगावचा माणूस बघेल तर म्हणेल, गटार आहे. पण मी बाहेरगावची नाही. एप्रिलमध्ये पाटकरी वरची झडप उचलतो आणि दुपारपर्यंत पाणी सगळ्या रस्त्यांच्या कडेने पोचतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आम्ही त्याच पाटात कलिंगडं थंड करायचो. मी त्या पाटाच्या काठावर उभी होते, हातात तक्ता होता, आणि 'सद्यस्थिती' या रकान्यात मी लिहिलं, निकामी.

का लिहिलं ते खरं खरं सांगते. 'चालू' लिहिलं असतं तर कागद पाणीखात्याकडे गेले असते. तिथे तीन सह्या, तीन महिने. पाटाची जागा उघडी ठेवायची तर फरशीचा सगळा आराखडा नव्याने काढावा लागला असता. ऑक्टोबरातल्या शहरदिनाच्या आत काम झालं नसतं, आणि डिसेंबरात न खर्चलेला पैसा परत गेला असता. पुढच्या वर्षी तेवढाच कमी मिळाला असता. हे सगळं मला त्या काठावर उभ्या उभ्या दिसलं. मला कोणी लाच दिली नाही. कोणी धमकावलं नाही. साहेबांना तर काही माहीतच नव्हतं, त्यांनी फक्त लवकर करा म्हटलं होतं. माझे पाय गारठले होते, शनिवार होता, मला घरी जायचं होतं.

तरीही ते सुधारता आलं असतं, कारण मे महिन्यात तू माझ्याकडे चिठ्ठी आणलीस. अजून कंत्राटावर सही व्हायची होती. तू दारात उभी राहूनच म्हणालीस, "एजे, पाट बुजवू नका, झाडांची मुळं तिकडेच गेलीत. नळाच्या पाण्याने ही झाडं जगत नाहीत, दोन उन्हाळे फार तर काढतील." मी चिठ्ठी घेतली, वर पाठवते म्हणाले. मग दोन उन्हाळ्यांत झाडं गेली, चौकशी बसली, तू मला विचारलंस की माझ्या चिठ्ठीचं काय झालं. मी म्हटलं, वर दाबली गं, मी तरी काय करणार. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस. मग मी साहेबांच्या खोलीत गेले, दार लावून अर्धा तास बोलले, आणि बाहेर येऊन तुला सांगितलं की पोलिसांत जाणार नाहीत, स्वखुशीने राजीनामा दे, प्रकरण मिटेल. तू माझे हात धरलेस. तुझ्या आईने दुसऱ्या दिवशी कचेरीत तळलेल्या बोर्सोकचं ताट पाठवलं.

बुरुल, चिठ्ठी वर गेलीच नव्हती. ती मी नोंदवहीत चढवलीच नाही. आराखडा पुन्हा काढायचा कंटाळा केला आणि ती माझ्या फायलीत सगळ्यांत खाली सारली. साहेबांनी ती आजवर बघितलेली नाही. त्यांच्या खोलीत मी तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी बोलले. चौकशी पुढे गेली असती तर कोणीतरी ती फाइल उघडली असती. दोन वर्षं तू परमुलखात खोकी उचलते आहेस, तुझी पोर बसथांब्यावर वाढते आहे, तुझी आई एका निरपराध माणसाला गाळ पाजते आहे, आणि मी तुझ्या शाली घेते आहे. मी तुझं वाटोळं केलं, बुरुल. दुसरा शब्द मला सापडत नाही.

शुक्रवारी मी तक्त्यातल्या त्या एका शब्दाची दुरुस्ती दाखल केली. आमच्याकडे एका शब्दाच्या दुरुस्तीलाही कारण जोडावं लागतं. मी जोडलं, तुझ्या चिठ्ठीसकट. साहेबांनी उभ्यानेच वाचलं. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दोन वर्षं मी त्या मुलीला कामचोर म्हणत आलो. चारचौघांत म्हणत आलो. आता मी कुठल्या तोंडाने बसथांब्यावर जाऊ, झूराकान?" नोकरी माझी जाणार हे उघड आहे, आणखीही काय काय होईल ते होवो. पण कायदेवाला माणूस म्हणतो की चिठ्ठीवर नोंदीचा क्रमांक नाही, ती काल लिहिलेली नसेल कशावरून? म्हातारी बाई मैत्रिणीला परत आणायला स्वतःवर घेते आहे, असं त्याला वाटतं. तुझ्या जबाबाशिवाय तो शब्द खोडणार नाहीत. शब्द खोडला नाही तर पाट नकाशावर येत नाही. आणि यंदाची यादी दहा दिवसांत बंद होते.

म्हणून हे पत्र. क्षमा मागायला लिहिलेलं नाही, ती मागायची माझी लायकी नाही आणि द्यायची तुझ्यावर सक्ती नाही. त्या नारिनच्या मुलीकडेच हे देते आहे, ती मंगळवारी परत निघते. गुरुवारी तुला चौकशी समितीचा फोन येईल. ते विचारतील, चिठ्ठी केव्हा दिली, कोणाच्या हातात दिली. मी तुला ओळखते. माझा आवाज, माझं वय, माझी नोकरी, सगळं तुझ्या डोळ्यांपुढे येईल, आणि तू म्हणशील, नीट आठवत नाही, फार दिवस झाले. मला वाचवायला तू तेवढं करशील, आणि एकसष्ट झाडं आणि तुझं नाव दोन्ही जातील. तसं करू नकोस. दिवस सांग, खोली सांग, मी काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांग. आणि माझं नाव नुसतं झूराकान म्हणून सांगू नकोस, आमच्या लेखाशाखेतही एक झूराकान आहे. झूराकान सातारोव्हना, नियोजन विभाग, असं पूर्ण सांग, म्हणजे या वेळी दुसऱ्या कोणावर जाणार नाही.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क राहिला असेल तर तुझीच,
झूराकान