ओठांवर बोट ठेवलेला शिपाई

दादा,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही. बाबांच्या खोलीतलं युद्धकाळातलं ते पोस्टर अस्सल आहे का, हे तपासायला तू आमच्या कार्यालयात पाठवलंस. तपासणारी मीच आहे, हे तुला ठाऊक नसणार. मी पोटासाठी काय करते, हे वीस वर्षांत तोंडदेखलं तरी विचारलंस का?

भिंगाखाली पाहिलं. शाई सपाट बसली आहे, नव्या छपाईचे ठिपके कुठेच नाहीत. कागदही त्याच काळातला. ओठांवर बोट ठेवलेला शिपाई आणि खाली, 'गप्प राहा, शत्रू ऐकतोय.' डावा कोपरा फाटलेला. होडी करायला तो तू फाडलास आणि मार मी खाल्ला. शिपायाचं ऐकून गप्प बसले. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा तू फिरकला नाहीस, तरी गप्पच.

सोबतच्या निवेदनात तू ठसठशीत सही ठोकून लिहिलंयस, 'मी वडिलांचं एकुलतं एक अपत्य.'

हे पत्र मी टाकणार नाही. अहवाल तेवढा येईल. त्यात दोनच ओळी आहेत. पोस्टर अस्सल आहे. मालकाचं निवेदन खोटं आहे.

तुझी,
कागदोपत्री नसलेली धाकटी