अंगणातल्या कण्या

अप्पा, तुमच्यावर चार पानं लिहून द्या, म्हणून समाजाच्या वसतिगृहातली मंडळी तीनदा येऊन गेली. उद्या सकाळी स्मरणिका छापायला जायची आहे. इतकी वर्षं वर्तमानपत्रात काढली, पण मजकूर उशिरा दिला असं कधी झालं नाही. तुमच्यावरचा मात्र पुढं सरकत नाही. त्यांना हवी आहे ती गोष्ट मला पाठ आहे. मंदीच्या दिवसांत आजूबाजूचे हातमागांचे कारखानदार मागवाल्यांना घरी पाठवत होते, आणि तुम्ही एकालाही काढलं नाहीत. गोष्ट खरी आहे. मी तिथं होते, बारा वर्षांची.

त्या वर्षी करमाळ्याचे, करकंबचे व्यापारी यायचे बंद झाले होते. खेड्यात धान्याला भाव नाही म्हटल्यावर लुगडं कोण घेणार? विणलेली लुगडी आईच्या खोलीत छतापर्यंत रचलेली होती आणि तिच्या तान्ह्या बाळाची झोळी त्यांच्या मधल्या बोळकांडीत टांगलेली होती. आठ मागांपैकी पाचांपुरतंच सूत मिळत होतं. आपल्याकडे मागवाल्याला काढायचं तर तोंडानं सांगत नसत. जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं मागावर ठेवली, तर त्यांना नव्याचा एकेक धागा जोडून काम पुढं चालणार, असा अर्थ. टोकं कापली, की माणूस समजायचा आणि आपला डबा उचलायचा. म्हणून त्या सकाळी तुम्ही कात्री घेऊन अंगणात आलात तेव्हा चालू होते तेवढे सगळे माग एकदम थांबले. ती शांतता अजून माझ्या कानात आहे.

तुम्ही सरळ आपल्या मागाकडे गेलात. नक्षीचा काठ फक्त तुम्हीच विणायचात, तो माग. आणि ताणा कापलात. वळसंगकडचा तो उंच मागवाला धावत पुढं आला. "मालक, तुमचा कशाला कापताय? माझा कापा की. मी सडाफटिंग मानूस, कुठंबी पोट भरंल."

"गप बस," तुम्ही म्हणालात. "माझा आधी. बाकीचे पाळीपाळीनं चालतील. आणि आजपासून चूल एकच. तुम्ही खाल तेच माझं घर खाईल. भात नाही, चहा नाही, दूध नाही. आमच्या घरातल्या बांगड्या सूतवाल्याकडे गहाण ठेवतो, महिनाभराचं सूत येईल."

"बरं झालं," म्हातारा मागवाला कोपऱ्यातून म्हणाला. "कण्या खाल्ल्या की मालकालाबी कळंल, आमचे हात इतके जड का चालत्यात." सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी तुमच्याकडे बघत होते, आणि मला वाटत होतं, असा बाप साऱ्या सोलापुरात कुणाला नाही.

आई दारात बसून सुताच्या कांड्या भरत होती. बांगड्या तिच्या हातात होत्या. तिनंही ते तेव्हाच ऐकलं, सगळ्यांबरोबर. तुम्ही मागवाल्यांशी मराठी बोलायचात आणि तिच्याशी तेलुगू, पण त्या दिवशी तिच्याशी कुठल्याच भाषेत बोलला नाहीत. बांगड्या काढून तुमच्या हातात देताना ती एवढंच म्हणाली, "घरातलं आधी घरात सांगायचं असतं."

मग दीड महिना अंगणात ज्वारीच्या कण्या शिजल्या. सगळ्यांच्या बायका-पोरांचं झाल्यावर तुम्ही बसायचात, भांड्याच्या तळाशी राहील तेवढ्यावर. आईला ताप येऊ लागला, तिचं दूध आटलं. वैद्यांनी सांगितलं, बाळाला वरचं दूध पाजा, नाहीतर कठीण आहे. तुम्ही उंबऱ्यावर टेकलात. मग म्हणालात, "अंगणात आणखी चार तान्ही आहेत. त्यांना काय सांगू?" आई भिंतीकडे तोंड करून निजली. बाळाचं रडणं मांजरीच्या पिलासारखं झालं होतं. ऐकायला कान द्यावा लागायचा.

दुसऱ्या सकाळी तिनं मला तांब्या दिला आणि गावाबाहेर उतरलेल्या धनगरांच्या कळपाकडे पाठवलं. "अप्पांना कळू देऊ नकोस." तिथल्या बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता शेळी धरली. "पैशे ऱ्हाऊ दे, पोरी. शेळीचं हाय, लेकराला पचंल. पर उद्या येऊ नगंस, आमी हितनं हलतोय. चारा न्हाय." तांब्या काठोकाठ भरला होता. मी परत आले तेव्हा आईला सांगितलं, वाटेत ठेच लागली, सांडलं. रिकामा तांब्या तिनं कितीतरी वेळ पोटाशी धरून ठेवला.

चौथ्या दिवशी बाळ गेलं.

पुढं दिवस पालटले, व्यापारी आले, आठाचे बारा माग झाले. तुमचा माग तुम्ही पुन्हा कधी लावला नाहीत. लोक तुम्हाला हार घालायचे तेव्हा तुम्ही मान खाली घालून बसायचात, आणि लोक त्याला विनय म्हणायचे. आई असेपर्यंत तुम्ही दुधाचा थेंब तोंडात घेतला नाहीत, आणि ती गेल्यावरही नाही. शेवटच्या आजारात मी पेला पुढं केला तेव्हा तुम्ही म्हणालात, "तेव्हा एकाला दिलं असतं तर काय बिघडलं असतं गं?" तेव्हा सांगायला हवं होतं. मी पेला घेऊन स्वयंपाकघरात गेले.

ठेच लागली नव्हती, अप्पा. दूध सांडलं नव्हतं. अंगणात शिरले तेव्हा भांड्यात कण्या रटरटत होत्या, भोवती कुणी नव्हतं, आणि मला वाटलं, तुमची मुलगी आहे मी. एकट्या आपल्या घरासाठी कसं न्यायचं? सगळा तांब्या भांड्यात ओतला. चाळीस माणसांच्या कण्यांत तो कुठं गेला ते दिसलंसुद्धा नाही. त्या तांब्यानं बाळ वाचलं असतं का, हे मला कुणी सांगू शकणार नाही. पण आपल्या नियमानं मूल गेलं हे ओझं तुम्ही मरेपर्यंत वाहिलंत, आणि मी बाजूला उभी राहून ते वाहू दिलं.

स्मरणिकेला उद्या त्यांना हवी ती गोष्ट देईन. आपला ताणा आधी कापला, इथपर्यंतची. हा कागद माझ्याकडेच राहील. एक मात्र तिथं लिहिता येणार नाही. त्या दिवशी सगळ्यांच्या मागून तुम्ही जेवायला बसलात, पहिला घास घेतलात, म्हणालात, "आज कण्या गोड लागतात," आणि मी वाढत होते म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवलात. आत बाळ रडत होतं, आणि मला तो हात आवडला होता. अजून आवडतो.