श्रद्धा पार्किंगमधून वर येत नाही

३ नोव्हेंबर
बाळंतपणाची रजा संपली, आजपासून श्रद्धाचं ऑफिस सुरू. आमच्या छकुलीला दिवसभर मी सांभाळणार. तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं तेव्हा सगळे हसले होते. आता कळेल. असा नवरा अख्ख्या विश्रांतवाडीत नसेल.

५ नोव्हेंबर
श्रद्धा बोलत नाही. हिच्या प्रेमापायी कॉलेज सोडलं (चार विषयही राहिले होते), आणि ही भिंतीकडे बघत जेवते. ऑफिसात दूध स्टोअररूममध्ये बसून काढावं लागतं म्हणाली. म्हटलं, नावं सांग, येऊन एकेकाला बघतो. नको म्हणाली.

७ नोव्हेंबर, संध्याकाळ
गॅलरीतून पाहिलं. ती पार्किंगमध्ये स्कूटर लावते आणि वर येतच नाही. हेल्मेट घालून तशीच बसते. रोज. फोनवर असणार. तिचा टीम लीडर रणजित, दुसरा कोण! दार आपटून आत आलो. रागाने.

१० नोव्हेंबर
रणजितला फोन करून झापला, ती रोज पार्किंगमध्ये बसून तुझ्याशीच बोलते ना म्हणून. तो थंडपणे म्हणाला, आपण एकदा खाली उतरून बघावं. आगाऊ.
तरी उतरलो. छकुलीला कडेवर घेऊन, रंगेहाथ पकडायला. फोन डिकीत होता. हेल्मेटची काच वर केली, आत चेहरा ओला.
"वर यायची भीती वाटते," श्रद्धा म्हणाली. "छकुलीची नाही, माझी. तिला घेऊन गॅलरीत गेले की मनात भलतंच येतं."
थकली आहेस, म्हटलं. वर येऊन चहा केला. गॅलरीचं दार लावून घेतलं. थंडी पडलीय.

११ नोव्हेंबर
प्लॅन फिक्स. गॅलरीला कुलूप. रोज सकाळी पॉझिटिव्ह व्हिडिओ. रविवारी खडकवासला. डॉक्टर नको, लोक वेडी म्हणतील. माझं प्रेम पुरेसं आहे.

१३ नोव्हेंबर
व्हिडिओ लावला. ती उठून आंघोळीला गेली. मीच पूर्ण पाहिला. फरक नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
खडकवासला. कणीस भाजून घेईपर्यंत श्रद्धा कठड्याशी. वाकून पाण्याकडे बघत. छकुली माझ्याच कडेवर होती, तरी पळालो. दंड धरून ओरडलो, लोक बघतायत. तोवर कोणी बघत नव्हतं.
"मला डॉक्टरकडे ने," ती म्हणाली. "आज."
आज रविवार आहे, म्हटलं. ती हलेना. एकाच माणसाचं नाव सुचलं. रणजितने दुसऱ्या रिंगला फोन उचलला. त्याच्या बायकोलाही बाळंतपणानंतर असंच झालं होतं. त्याने डॉक्टरबाईंचा नंबर दिला. बाई म्हणाल्या, लगेच या, तिला एकटी सोडू नका.

१७ नोव्हेंबर
काल टॅक्सीत सगळं पाठ केलं होतं. लक्षणं, माझे उपाय, माझा त्याग. डॉक्टरबाईंनी मला एकच विचारलं, रात्री बाळ रडलं की कोण उठतं?
श्रद्धा, मी म्हटलं. मला जाग येत नाही.
त्यांनी ते लिहून घेतलं आणि मला बाहेर बसवलं. आतून श्रद्धाचा आवाज येत होता. थांबतच नव्हता. काय सांगत होती, कळलं नाही.
तेवढ्यात छकुली रडायला लागली. मी दारावर टकटक केली. म्हटलं, रडतेय ही.
"तुम्ही आहात ना?" बाई म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.