चाकूरला बाळ झालं नाही, त्याची हकिकत

चाकूर, मे १९८३

आदरणीय पंचफुलामावशीस,
लिंबाजीचा सप्रेम जयभीम. तुझे गुडघे कसे हायेत? मुखेडला टँकर येतो का? इकडं मी आणि सिंधु, दोघं खुशाल. दोघंच. तिसरं कुणी न्हाई, म्हणून तर हे पत्र. इथली खोटी बातमी मुखेडला पोचली आणि तू बाळंतविडा बांधून निघायच्या बेतात हायेस असं कळलं. आधी हे वाच.

त्याचं असं झालं. लातूर जिल्हा झाल्यापासून मी पाट्यांवरचं 'उस्मानाबाद' खोडून 'लातूर' रंगवून राहिलोय. (अक्षराला सावली देता येते, माणसाच्या तोंडाला येत न्हाई, हे माझं दुखणं.) म्हणून लातूरला रेणुकादास सरांकडं चित्रकला शिकायला जातो. त्यांनी एका जुन्या विलायती तैलचित्राचा छापील कागद दिला. गोठ्यात येशूचा जन्म, आणि सगळा उजेड बाळाच्याच अंगातून! सर म्हणाले, नुसतं उतरवू नको, घरी मांडून बघ. मग भर दुपारी खिडकीला पोतं लावलं, सिंधुला डोईवर पदर घेऊन बसवलं आणि पेटता कंदील पांढऱ्या धडप्यात गुंडाळून तिच्या मांडीवर दिला. (गाय चारा छावणीत. तिच्या जागी माझी सायकल.) मावशे, काय सांगू! नाकाची सावली खाली पडायची सोडून कपाळाकडं चढली! आणि पदराआडचा अंधार काळा नव्हताच, लुगड्याचा लाल रंग त्यात उतरला होता. मी येडाच झालो. सिंधुला म्हटलं, हलू नको. ती म्हणे, मांडी भाजली.

तेवढ्यात टँकर आला. रांगेतल्या नागुबाईनं दाराच्या फटीतून बघितलं: अंधारी खोली, डोईवर पदर, मांडीवर गुंडाळलेलं काहीतरी. झालं! (लग्नाला सहा वर्षं झाली, गल्लीही तुझ्याइतकीच वाट बघून राहिली होती; पोट कधी दिसलं, हे कुणी इचारलंच न्हाई.) मी दार उघडेपर्यंत उंबऱ्यावर कळशाच कळशा. बाळंतिणीला न्हायला म्हणून जिनं तिनं आपल्या वाटणीचं पाणी आणलेलं. मी कंदील काढून दाखवला. नागुबाई म्हणाली, "बापावर गेलाय." सगळ्या हसल्या, पण कळशी कुणी परत नेईना. बाळंतिणीच्या नावानं काढलेलं पाणी माघारी न्यायचं नसतं म्हणे. सिंधु कितीतरी दिवसांनी डोक्यावरून न्हाली आणि मोरीतच रडत बसली. मला लई वाईट वाटलं. तेव्हा तिच्यापुढं बाळाचा विषय काढू नको.

तुझा,
लिंबाजी

ता. क. : पण तू ये नक्की. चित्रात मागं एक म्हातारी आ वासून उभी हाय. तोंड उघडं ठेवून गप राहणारी बाई आमच्या गल्लीत सापडेना. तू जमवशील का?

आणखी ता. क. : मावशी, मी सिंधु. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडं दिलंय. मला तिसरा महिना लागलाय. ज्याच्यासाठी बायांनी पाणी आणलं ते खरंच पोटात हाय, हे कुणालाच ठाऊक न्हवतं, म्हणून रडू आलं. बाळंतविडा मोडू नका, दिवाळीनंतर लागेल. यांना अजून सांगितलं न्हाई. येऊन तुम्हीच सांगा, मला लाज वाटते.