मागचा डावा दरवाजा

७ एप्रिल, सोमवार
लोधिवलीतलं शेवटचं घर उरकलं. सॅम्पलचा डबा ठेवायला गाडीचा मागचा डावा दरवाजा उघडला, तर आतलं पॅड हातात आलं. अख्खं नाही, वरची कड. भाजलेल्या पापडासारखी वळलेली. दाबली की बसते, सोडली की पुन्हा वर. बाकीचे तीन दरवाजे नीट आहेत.
गाडीला अजून वर्षही झालेलं नाही. इतकी वर्षं स्कूटीवर डबा मांडीत धरून गावोगाव रक्त गोळा केलं, तेव्हा कुठे ही घेतली. आणि हिचा दरवाजा सोलवटतोय.

९ एप्रिल, बुधवार
हायवेवरच्या शोरूमला गेले. सर्व्हिसचा मॅनेजर पोरगेलासा, टाय लावलेला. दरवाजाकडे लांबूनच बघितलं.
"मॅडम, गाडी उन्हात उभी करता का?"
म्हटलं, मग कुठे करू? माठात ठेवू?
हसला. म्हणे, आतलं प्लास्टिक, कापड वॉरंटीत येत नाही. दिसण्याचा भाग आहे, चालण्याचा नाही. मग म्हणाला, "मिस्टरांना पाठवून द्या, त्यांना टेक्निकली समजावतो."
मिस्टर नाहीत, म्हटलं. गाडी माझी आहे, चालवते मी, मलाच समजाव.
समजावलं नाही. पाणी हवंय का विचारलं.

१४ एप्रिल, सोमवार
आज जे झालं ते लिहिताना पेन कागदात रुततंय. रागाने.
सकाळी बाबांना घेऊन विहारात वंदनेला गेले. बाबा पांढऱ्या कपड्यांत, खिशाला पेन. खुब्यात रॉड टाकल्यापासून त्यांना पुढच्या सीटवर पाय दुमडून बसता येत नाही, म्हणून मागे डावीकडे आडवे पाय करून बसतात. जेवण विहारातच झालं. परत येताना कोंडाणे गावातल्या एका आजींचं जेवणानंतरचं सॅम्पल घ्यायचं होतं. वाट अरुंद, गाडी उजवीकडे कुंपणाला चिकटवून लावली, मी सरकून डावीकडच्या पुढच्या दाराने उतरले. झाडाची सावली होती. बाबा पेंगत होते. पुढच्या काचा थोड्या खाली ठेवल्या आणि गेले.
आजींची शीर सापडेना. वेळ गेला.
परत आले तेव्हा सावली सरकली होती आणि बाबा काच बडवत होते. सदरा पाठीला चिकटलेला, चेहरा लालबुंद. दरवाजा बाहेरून उघडला तसे माझ्या अंगावरच आले.
आतला खटका ओढला म्हणे, तर पॅड मोकळं होऊन खटक्यासकट त्यांच्या हातात आलं. आतली केबल सुटलेली. उजवा दरवाजा कुंपणाला लागलेला, किल्ली माझ्याकडे म्हणून काचही खाली होईना. त्या पायाने पुढच्या सीटवर जाणं शक्य नाही. हाका मारल्या, पण भर दुपारी त्या वाटेवर कोण असणार?
आजींच्या सुनेने पाणी आणलं. बाबांनी पेन परत खिशाला नीट लावलं. म्हणाले, "काय नाय झालं गं मंगल. रस्त्यात ओरडू नको."
मी ओरडत होते हे मला तेव्हा कळलं.

१५ एप्रिल, मंगळवार
बाबांना घेऊनच शोरूमला. खटका मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. काय झालं ते सगळं सांगितलं. तो ऐकत होता, मधेच मोबाईल बघत होता.
"काकांनी जोरात ओढलं असेल."
माणसाने श्वास घ्यायला दरवाजा हळू ओढायचा का, असं मीच विचारलं.
मग पुन्हा तेच. घरातले कोणी जेन्ट्स असतील तर. म्हटलं, घरातले जेन्ट्स हे, तुमच्या समोर बसलेत, आणि तेच आत अडकले होते.

संध्याकाळी मिलिंदचा पुण्याहून फोन. धाकटा भाऊ. गाडी घेताना दुसरा नंबर म्हणून त्याचा दिला होता, तर त्या लोकांनी मला सोडून थेट त्याला फोन लावला! आणि हा बोलला त्यांच्याशी!
"ताई, ते चिकटवून देतायत फुकट. केबल पण बसवतील. मी हो म्हणालोय. विषय संपव ना."
माझ्या गाडीला हा हो म्हणणार. फोन ठेवला.

१७ एप्रिल, गुरुवार
तरी गाडी दिली. कामं अडलीत, काय करणार. दिवसभर रिक्षाने फिरले. संध्याकाळी गाडी मिळाली, आत गोंदाचा भपकारा. पॅड बसलंय. खटका चालतोय. मी पुन्हा पुन्हा ओढून बघितला.
बाबांना मागे बसवायचा धीर होत नाही. ते म्हणतात, "नीट केलाय ना त्यांनी?" त्यांचा अजून विश्वास आहे लोकांवर. मला त्याचाही राग येतो.

२१ एप्रिल, सोमवार
नेरळच्या त्या नव्या इमारतींमध्ये सकाळची कामं. अकराच्या उन्हात टक् असा आवाज. मागे वळून बघितलं. कड पुन्हा वर.

२२ एप्रिल, मंगळवार
कर्जतला रशीदभाईंकडे गेले, ते सीटकव्हरं शिवतात, दरवाजाची पॅडंही मढवतात. बोटाने कड उचलून आत डोकावले आणि हात काढून घेतला.
"मी नाही हात लावणार ताई. वॉरंटीतली गाडी. उद्या ते म्हणतील रशीदने बिघडवलं."
मग कोण लावणार?
"तुम्ही लावा. मालकाने आपला दरवाजा उघडला तर कोण काय बोलणार?" पॅड उचकटायची प्लास्टिकची पट्टी दिली. परत आणून द्या म्हणाले.
कमाल आहे. सगळे हात वर करून मोकळे. पण पट्टी घेतली.

२४ एप्रिल, गुरुवार
उघडला.
मोबाईलवर व्हिडिओ लावून, अंगणात. बाबा खुर्ची टाकून बसले, मांडीवर स्टीलची वाटी, त्यात स्क्रू. आधी खटक्याच्या मागचे, मग हात ठेवायच्या जागेखालचे. मग पट्टी आत घालून कड उचलायची. क्लिपा टपटप निघायला हव्यात.
एकही टप झालं नाही. क्लिपा नव्हत्याच. जिथे असायच्या तिथे गोंदाचे गोळे. थोडा ताजा, गेल्या गुरुवारचा. पण त्याखाली जुना, पिवळा पडून टणक झालेला. त्याच्या आधीसुद्धा कुणीतरी चिकटवलंय. आतला प्लास्टिकचा पातळ पडदा फाडून खोक्याच्या चिकटपट्टीने जोडलेला.
बाबा म्हणाले, "ह्ये आतून पांढरं कसं?"
आमची गाडी राखाडी आहे. दरवाजाची आतली पोकळी पांढरी. कडेला राखाडी रंग मारलेला, त्याचे ओघळ पांढऱ्यावर उतरलेले. खात्रीसाठी पुढच्या दरवाजाचंही पॅड काढलं, वेळ लागला, नख मोडलं. तो आतून राखाडी. क्लिपा जागच्या जागी.
म्हणजे हा दरवाजा आमच्या गाडीचा नाहीच. दुसऱ्या कुठल्या तरी पांढऱ्या गाडीचा काढून, रंगवून, चिकटवून लावलाय. मला विकायच्या आधी. माझ्याकडे आल्यापासून गाडीला ओरखडासुद्धा नाही.
नवी गाडी म्हणून दिली. हार घातला होता. पेढे. बाबांच्या हातात ती पुठ्ठ्याची मोठी किल्ली देऊन फोटो काढला. टाळ्या वाजवल्या त्या लोकांनी, आणि त्यातल्या कुणाला तरी हे माहीत होतं. टाळ्या वाजवताना माहीत होतं!

२५ एप्रिल, शुक्रवार
बाबांना घेऊन पुन्हा शोरूमला. मोबाईलमधले फोटो दाखवले. एकदम केबिन उघडली, एसी, कॉफी. मॅनेजर "मॅडम" सोडून "ताई" म्हणायला लागला.
"यार्डात कधी कधी होतं असं, ताई. छोटंसं काही लागलं असेल. आम्ही पूर्ण नवीन दरवाजा देतो. कंपनीचा. फुकट." आणि एक कागद. मी समाधानी आहे, माझी तक्रार नाही, फोटो कुठे टाकणार नाही.
विचारलं, गाडीला काय झालं होतं?
"ते आता जुनं झालं."
कशाला धडकली? कुठून पडली? दरवाजाच गेला की आणखी काही? मी यात लोकांचं रक्त घेऊन फिरते, बाप घेऊन फिरते.
"ताई, तुम्हाला दरवाजा हवाय की भांडण?"
मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. आवाज चढवला नाही. "सायेब, मी आत व्हतो. मागल्या काचा बंद, उनात. तुमी जरा बसून बगा ना. मी बायेर हुबा ऱ्हातो, तुमी हाक मारा."
कॉफी तशीच ठेवून निघालो. सही केली नाही.
जिन्यावर बाबांचा हात धरला तर तो गार पडला होता.

२७ एप्रिल, रविवार
मिलिंद पुण्याहून आला. येतानाच ठरवून आला होता, सही कर, दरवाजा घे, कामाला लाग. मी नुसती गाडी उघडून दाखवली. वाकून बराच वेळ आत बघत राहिला. टॉर्च मागितला. मागच्या चाकाच्या वर, डिकीच्या रबराखाली बघितलं. तिथेही रंग जरा वेगळा वाटतो म्हणे. मला वाटत नाही. वाटतो. माहीत नाही.
जेवताना म्हणाला, "ताई, कोर्टकचेरी वर्षानुवर्षं चालते. दमशील."
म्हटलं, दमले तर दमले. पण मला विकताना त्यांना वाटलं ना, हिला काय कळणार?
जाताना त्याने शोरूमला फोन करून त्यांच्याकडचा आपला नंबर काढायला लावला. मी सांगितलं नव्हतं.

२ मे, शुक्रवार
वकीलबाई भेटल्या, अलिबागला ग्राहक तक्रारी चालवतात. फोटो बघून म्हणाल्या, केस चांगली आहे, पण दरवाजाला आता हात लावू नका. आहे तसा राहू दे, तज्ज्ञ बघेपर्यंत. कधी बघणार? सांगता येत नाही.
म्हणजे दरवाजा आतून उघडाच. आतला पत्रा, तारा सगळं दिसतं. पावसाच्या आधी झालं तर ठीक. नाहीतर प्लास्टिक ताणून बांधायचं. फसवलं त्यांनी आणि ताडपत्री शोधायची मी.

६ मे, मंगळवार
चौक गावात एका पेशंटने उघडा दरवाजा बघून विचारलं, गाडी जुनी घेतलीत का मॅडम?
नवी आहे, म्हटलं. ते चेष्टा समजून हसले. मग मी उभी राहून सगळं सांगितलं, शोरूमच्या नावासकट. सुई हातात तशीच. ते म्हणाले, आधी रक्त घ्या.
आता प्रत्येक घरी सांगते. सांगणारच.

९ मे, शुक्रवार
दुपारी गाडी चालवताना मॅनेजरचा फोन. यावेळी मलाच, मिलिंदला नाही.
"ताई, शेवटचं विचारतोय. वरून दबाव आहे. नवीन दरवाजा येऊन पडलाय. तुम्ही फक्त या."
म्हटलं, मीपण एकच विचारते. माझ्या गाडीला काय झालं होतं?
पलीकडे वर्कशॉपचे आवाज, कुठेतरी पत्रा ठोकत होते. मला वाटलं फोन तसाच ठेवून गेला. "हॅलो" म्हटलं. श्वास ऐकू आला. मग दार लावल्याचा आवाज, आणि ठोकणं एकदम लांब गेलं. म्हणजे तो उठून कुठेतरी आडबाजूला गेला होता, कुणी ऐकू नये म्हणून.
"ताई..." म्हणाला, अगदी हळू.
मी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.
त्याने फोन ठेवला नाही. मीही नाही ठेवला.