बाटली कुणाची

सोलापूर,
ता. २२ ऑगस्ट १९७५

चि. दानम्मास अक्काचा आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुझ्या दाजींनी मला अगदी वीट आणलाय.

वैशाखात त्यांना साखरेचा आजार निघाला, हे तुला ठाऊकच आहे. पेठेतल्या डॉक्टरांनी घरी येऊन माझ्यासमोरच समजावलं होतं. अंगात इन्शुलिन असतं, पण रोजच्या तुपातेलानं त्याचं काही चालेनासं होतं आणि साखर रक्तातच राहते. चाललं की पाय ती साखर वापरतात, इन्शुलिनही पुन्हा लागू पडतं. तेव्हा तूपतेल कमी करा आणि रोज तासभर चाला. हे मान डोलवत ऐकत होते. त्यातलं चालणं तेवढं उचललं. रोज पहाटे तळ्यापर्यंत जाऊन येतात, एक दिवस चुकत नाही. पण भजी सुटली नाहीत, पुरणाच्या होळगीवर तूप ओघळेपर्यंत लागतंच. बोलले तर म्हणतात, चालून येतो की मी! दोन स्वयंपाक कोण करणार, मीही तेच खाते.

गेल्या सोमवारी पुन्हा तपासणी होती. सकाळची लघवी बाटलीतून न्यायची, डॉक्टर ती निळ्या औषधात घालून तापवतात. निळं राहिलं तर चांगलं, विटेसारखं लाल झालं तर वाईट. या खेपेला लाल आलं तर रोज सुई, असं त्यांनी बजावलं होतं. त्या धास्तीनं सकाळी हे रिकामी बाटली घेऊन माझ्यापुढे उभे. म्हणाले, "तू भर. तुला काय झालंय?"

आणि मी भरली. हसू नकोस. सुईचं नाव काढलं की यांचं तोंड कसं होतं, तू पाहिलं नाहीस.

लाल झालं. डॉक्टर म्हणाले, उद्यापासून सुई. तेव्हा यांना खरं बोलावं लागलं. कंपाउंडरसमोर लई बोलणी खाल्ली. मग स्वतःची दिली, तर निळ्यावर जरासा हिरवा रंग. तीन महिने चालल्याचा गुण, तूप सोडलं असतं तर तेवढंही आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. मग विचारलं, आधीची कुणाची?

घरी येऊन जेवायला बसले. मी होळगीवर तूप वाढायला गेले तर ताटावर हात आडवा धरला. म्हणाले, "लाल तुझी आली."

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी धड बोललेली नाही. एकाच चुलीवरचं खाल्लं आम्ही! हे तळ्यावर जायचे आणि मी वीस वर्षं देवळाखेरीज उंबऱ्याबाहेर नाही. घरच्या बाईनं उगाच रस्त्यानं फिरायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. मंगळवारी यांनीच आपल्या आईला सांगितलं, ती माझ्याबरोबर येणार. तीन दिवस जातेय. दहा पावलं मागून, अबोल्यानं. पोटऱ्या भरून येतात.

एवढा राग काढला, पण दानम्मा, मी भ्यालेय. इथं कुणाला सांगितलेलं नाही. अव्वाची नजर गेली, पाय गेला, ते याच आजारानं ना? तेव्हा तू पत्रावर पत्र पाठवलंस. मी लिहिलं, वयानं होतं. पोटची लेक असून आले नाही. आता तिला सुरुवातीला काय काय होत होतं ते मला लिही. काही वगळू नकोस.

अव्वाच्या वेळी न आलेली तुझी अक्का,
रुद्राणी